दोनशे पंचविसावं पान

नाशिकला द्वारकेच्या चौकात कुणी कुणाच्या प्रेमात पडल्याचं ऐकिवात नाही. तिथे माणसं रस्ता ओलांडतात, आणि हातापायांनी धड पलीकडे पोचली तर देवाचे आभार मानतात. पण चौकापासून चार दुकानं आत, धोंडीरामभाऊंच्या झेरॉक्सच्या गाळ्यात, २००५ सालच्या जानेवारीतल्या एका गुरुवारी जे सुरू झालं, त्याला प्रेमाशिवाय दुसरं नाव द्यायचं तर खोटं बोलावं लागेल. आणि या गोष्टीत खोटं आधीच पुरेसं आहे.

भाग्यश्री काउंटरवर एकटीच होती. वय तेवीस, मराठी टायपिंगला आख्ख्या गल्लीत तोड नाही, आणि बोटांवर बारीक बारीक ओरखडे. मखमलाबादला तिच्या घरचा गुलाबाचा मळा होता. सकाळी फुलं तोडून जुड्या बांधल्याशिवाय त्या घरात कुणाला चहा मिळत नसे.

"हे आज होईल का?"

तिने मान वर केली. समोर एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता, आणि त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं... तान्हं मूल धरावं तसं धरलेलं.

"काय आहे?"

"पुस्तक. दोनशे चोवीस पानं. आतेभावाने अमेरिकेहून आणलंय आणि उद्या सकाळी तो परत चाललाय. पुस्तकासकट."

त्याने टॉवेल सोडला आणि भाग्यश्रीच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. मुखपृष्ठावर ढगांतून वळवळत येणारा पिवळा ड्रॅगन, त्याच्यासमोर तलवार उपसलेली एक बाई, आणि त्या बाईच्या अंगावर नाशिकच्या थंडीत अजिबात भागणार नाही एवढेच कपडे. भाग्यश्रीने झटकन पुस्तक पालथं घातलं. पाठीमागच्या बाजूलाही तीच बाई होती... पाठमोरी.

"तसलं काही नाहीये हो!" तो कानापर्यंत लाल झाला. "खेळाचं पुस्तक आहे. खरंच! पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. काय करायचं ते आपण ठरवायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो." त्याने खिशातून एक फासा काढून काउंटरवर ठेवला. वीस बाजूंचा, निळा. "मी गोष्ट सांगणारा."

"म्हणजे काम काय करता?"

"अंबडला ड्राफ्ट्समन आहे. मशीनची चित्रं काढतो. हे रविवारी..." तो जरा थांबला. "घरी माहीत नाहीये."

ती हसू दाबत कामाला लागली. एकशे चाळीस पानं झाली आणि वीज गेली. त्या वर्षी वीज कधी जाणार याची वेळ पेपरात छापून यायची, आणि ती त्याआधी तासभर जायची.

तो स्टुलावर बसून राहिला. बसल्या बसल्या त्याने नकाशाचं पान काढलं. "हा जपान. हा चीन. हे मंगोल, घोड्यांवरचे. नावं बदललीत, पण ओळखू येतंच. आख्खा पूर्वेकडचा मुलूख आहे यात."

"आणि आपण?"

"आपण..." त्याने बरीच पानं उलटली. "हे. दीड पान."

दीड पानात एक साप, एक फकीर, खिळ्यांची खाट, आणि खाली चौकटीत एक राक्षस. डोकं रेड्याचं, अंगात रेशमी झगा, हातात हुक्का. भाग्यश्रीने इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत सावकाश अर्थ लावला. राक्षस दुसऱ्याचा चेहरा लावून माणसांत राहतो. त्याच्यावर कधीही विश्वास ठेवू नये.

तिचं बोट तिथेच थांबलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. जरा जास्तच जोरात.

"काय, राक्षस?"

"राक्षस असतात. पण हुक्का नाही ओढत."

तो हसला. हसताना त्याची मान एका बाजूला कलायची, हे तिने उगाचच पाहून घेतलं. "तुमची बऱ्याच राक्षसांशी ओळख दिसते."

"एकच आहे. घरातलाच."

"वडील?"

"नाही," ती म्हणाली, आणि सुदैवाने वीज आली. झेरॉक्स मशीन घरघरलं, कोपऱ्यातल्या प्रिंटरने वीज जाताना अडकलेला एक कागद बाहेर टाकला, मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. तिने हाताला येतील ते गठ्ठे एकावर एक ठेवले, भोकं पाडली, स्पायरल ओवलं. तो पुस्तक आणि पुस्तकाचं भूत दोन्ही टॉवेलात गुंडाळून गेला.

आता घरातल्या राक्षसाबद्दल. तो म्हणजे भाग्यश्री स्वतः.

ती जन्मली ती मूळ नक्षत्रावर. मूळ म्हणजे राक्षस गण, आणि वर म्हणतात की मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट. दोन वर्षांत सिन्नरचं स्थळ गेलं, ओझरचं गेलं, चांदवडच्या लोकांनी तर पोहे खाल्ले, ताटली खाली ठेवली आणि पत्रिका बघून चपला घातल्या. प्रत्येक वेळी आई, गोजराबाई, स्वयंपाकघराचं दार लोटून रडायची. राक्षस हा शब्द घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. भाग्यश्रीला लग्न न झाल्याचं दुःख नव्हतं. दुःख याचं होतं, की आपण दारातून आत आलो की चांगल्या माणसांचे चेहरे उतरतात.

शेवटी मामांनी तोड काढली. जन्मवेळ चार तास पुढे ढकलायची. सायंकाळी सहा चाळीसच्या ऐवजी रात्री दहा पन्नास लिहिलं की मूळ संपून पूर्वाषाढा लागते. रास धनूच राहते, गण मात्र मनुष्य होतो.

"घरातच झाली ना ही," वडील, सावळीरामनाना, म्हणाले. "त्या टायमाला घरात घड्याळ होतंच कुठं? सुईण चिमणाबाई, ती पण गेली. इचारणारं कोण हाय आता?"

भाग्यश्री टायपिंगवाली, म्हणून नवा बायोडाटा तिनेच टाइप करायचा ठरलं. त्या गुरुवारी दुकानात तिने आधी जुना प्रिंटरला सोडला, समोर ठेवून नवा करावा म्हणून. तेवढ्यात तो टॉवेलवाला आला, वीज गेली, आणि गोंधळात जुना कागद कुठे गेला ते तिला नंतर सापडेना. कुणीतरी रद्दीत टाकला असेल, असं म्हणून तिने संगणकाच्या पडद्यावरच्या जुन्या बायोडाटातली वेळ, नक्षत्र आणि गण बदलला. नवा काढून धोंडीरामभाऊंकडे दिला. भाऊंच्या ड्रॉवरमध्ये अर्ध्या जिल्ह्याची उपवर मुलं-मुली झोपलेली असायची.

तीन आठवड्यांनी तो परत आला. या वेळी टॉवेल नव्हता.

"याच्या पाच कॉपी हव्यात," म्हणत त्याने एक कागद काउंटरवर सरकवला.

भाग्यश्रीने कागद पाहिला आणि तिच्या पायांखालची फरशी सरकली. नाव: भाग्यश्री. उंची: पाच फूट दोन इंच. रास: धनू. नक्षत्र: मूळ. गण: राक्षस. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं... बळ सोळा, चपळाई चौदा, जखमा दोन, बऱ्या झाल्या.

"हे... हे कुठून आलं तुमच्याकडे?"

"पुस्तकात मधेच निघालं. मोजली तर पानं दोनशे पंचवीस! जयरामचंच काम आहे हे, आमच्यातला एक आहे, महामस्करीखोर. आमच्या खेळात प्रत्येक पात्राचा असा कागद असतो. नाव, उंची, वंश, अंगातले गुण. पठ्ठ्याने तो लग्नाच्या बायोडाटासारखा बनवलाय. विचारलं तर शपथा घेतो, मी नाही म्हणून. तेव्हाच माझी खात्री पटली."

तिने कागदावरची नजर काढली नाही. "वंश?"

"हे काय... राक्षस!" तो काउंटरवर वाकला, आणि त्याचे डोळे असे चमकत होते की तिला रागावता येईना. "तुम्ही म्हणालात ना त्या दिवशी, आणि आपण? ते डोक्यात राहिलं होतं. मग हा कागद निघाला. मी ते अमेरिकेचं पुस्तक ठेवलं बाजूला. आपला मुलूख आपण बनवू! देवगणी, मनुष्यगणी, राक्षसगणी, असे तीन लोक. सत्तावीस नक्षत्रं म्हणजे सत्तावीस कुळं. नाडीवरून जादू. आख्खं जग या एका कागदातून निघालं, मॅडम."

"आणि ही... भाग्यश्री?"

"तिच्यावरून आमच्यात भांडणं होतात. सगळ्यांना तीच व्हायचंय. मूळ कुळातली आहे ना. त्या कुळाची माणसं कशाच्याही मुळाशी जातात. विहिरीत विष कुठून आलं ते गावात कुणाला कळेना. हिने शोधलं. परवाच्या रविवारी आख्खं गाव वाचवलं तिने."

घरात ज्या शब्दासाठी दार लोटलं जायचं, तो शब्द हा मुलगा भर दुपारी, पेन विकत घ्यायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर, कौतुकाने उच्चारत होता. कागद हिसकावून फाडावा, असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी त्याने आणखी थोडा वेळ बोलत राहावं, असंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, याचाच तिला धक्का बसला.

"बघायला येऊ का मी? खेळ?"

आता धक्का त्याला बसला. "तुम्ही? या की! पंचवटीत, जयरामच्या घरी, रविवारी तीनला. त्याची आई असते, सगुणाबाई. आमच्या चहाला वैतागलेली आहे, तुम्हाला बघून खूश होईल. मी रोहित. तुमचं नाव?"

"सृष्टी," ती म्हणाली. ते तिच्या धाकट्या बहिणीचं नाव होतं.

रविवारी तिने घरी मैत्रिणीच्या हळदीचं निमित्त सांगितलं आणि पंचवटी गाठली. जयरामच्या घरातल्या पुढच्या खोलीत सतरंजीवर पाच मुलं बसली होती आणि मध्ये नकाशा पसरला होता. ड्राफ्ट्समनचा हात तो! नद्या अशा वळत होत्या की पाणी ऐकू यावं. तिने ओळखलं, हरसूलच्या बाजूचे डोंगर होते ते, फक्त त्यांच्या माथ्यावर किल्ल्यांऐवजी नक्षत्रांची देवळं होती.

"नवीन माणसाला भाग्यश्री द्यायची," जयरामने जाहीर केलं. "पाहुण्यांचा मान."

तिने स्वतःचाच कागद मांडीवर घेतला. तो आपण उलटा धरलाय हे तिला कळलंच नाही. बाकीच्यांना वाटलं, नवखी आहे.

रोहित गोष्ट सांगू लागला तेव्हा त्याचा आवाज बदलला, सावकाश झाला. "संध्याकाळ होते आहे. थंडी आहे. तुम्ही मनुष्यगणी लोकांच्या शहराच्या वेशीपाशी आला आहात. आत शेकोट्या आहेत, गरम भाकरी आहेत. पण वेशीवरचा पहारेकरी विचारतो, गण कोणता? राक्षसांना आत बंदी आहे." तो तिच्याकडे बघून हसला. "भाग्यश्रीकडे एक मंत्र आहे. दुसऱ्याचा चेहरा लावण्याचा. लावला तर बिनधास्त आत जाता येईल. फासा टाकायचीही गरज नाही."

"लाव, लाव," चौघं ओरडले.

तिने कागदावरचा राक्षस हा शब्द पुन्हा वाचला. बाहेर सगुणाबाई कप विसळत होत्या, त्याचा आवाज येत राहिला. रोहित वाट बघत होता. घाई न करता, नजर न काढता...

"नाही," ती म्हणाली. "मी खरं सांगणार. म्हणावं, मी राक्षसगणी आहे. दार उघडा."

आपण असं बोललो यावर तिचाच विश्वास बसेना. रोहितने फासा तिच्या हातात दिला. त्याची बोटं क्षणभर तिच्या ओरखड्यांवर थबकली. तिने फासा टाकला. तीन आले.

"ओह..." जयराम कळवळला. "गेलं!"

"दार बंद होतं," रोहित हळू आवाजात म्हणाला. फाशाच्या बाबतीत तो लबाडी करत नसे, हे बाकीच्यांना ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं... खेळात, एका काल्पनिक वेशीवर! तिने मान फिरवली. आणि मग तो पुढे म्हणाला, "पण दार बंद करायच्या आधी पहारेकरी बाहेर येतो. भाला भिंतीला टेकवून ठेवतो आणि म्हणतो, अशा शहराची राखण करण्यात काही अर्थ नाही. मी तुझ्याबरोबर येतो."

"असं कुठे असतं का नियमात?" जयराम तडकला.

"माझ्या मुलखात असतं."

भाग्यश्रीने वर पाहिलं, तो तिच्याकडेच बघत होता. त्या क्षणी तिला जे कळलं ते कळायला फाशाची गरज नव्हती.

त्यानंतर दोन रविवार गेले, आणि मधल्या दिवसांत तो काही ना काही झेरॉक्स करायला येत राहिला. एकदा तर त्याने कोरा कागदच दिला.

"यावर काहीच नाहीये," ती म्हणाली.

"हो का? मग दोन काढा."

खरं नाव सांगून टाकायचं, असं ती रोज ठरवायची. सांगितलं की कागदाचंही सांगावं लागणार, आणि मग तो हसणार की बिथरणार... तिचा धीर होईना. आणि तेवढ्यात एका संध्याकाळी सावळीरामनाना घरात शिरले ते पेढे घेऊनच.

"घोटीचं स्थळ आलंय! भाताची शेती, स्वतःची गिरणी. आपल्यातलेच हायेत. धोंडीरामभाऊनी कागद दिला, त्यांनी पत्रिका जुळवून पण घेतली. मनुष्य गण, सगळं फस्क्लास. रईवारी येतायत."

पहिल्यांदाच पत्रिका जुळली होती. आईचा चेहरा असा उजळला होता की भाग्यश्रीने समोर आलेला पेढा उचलून तोंडात टाकला. त्या रविवारी पंचवटीला जायचं राहिलं. तिने साडी नेसली, पोह्यांचा ट्रे उचलला आणि चेहऱ्यावर काहीच न ठेवता बाहेरच्या खोलीत आली.

कोचावर, इस्त्रीच्या शर्टात, आई-वडिलांच्या मध्ये रोहित बसला होता.

ट्रे कलला. दोन ताटल्या घसरल्या, गोजराबाईंनी वरच्या वर पकडल्या. "लाजते जरा," त्या घाईघाईने म्हणाल्या.

ती कशीबशी पाटावर बसली. रोहितचे वडील भारदस्त, कपाळाला गंध. आई लंकाबाई, बारीकशी, सतत पदर सावरणारी, फारसं न बोलणारी. "पत्रिका तर उत्तम जुळती," रोहितचे वडील म्हणाले. "मी बाकी काय बघत नाय. पैसाअडका नाय, शिक्षण नाय. पत्रिका मात्र चोख पायजे. आमच्या घरात पयल्यापासून तसंच हाय."

मग रिवाजाप्रमाणे दोघांना मळ्यात बोलायला पाठवलं. गुलाबाच्या दोन सऱ्यांमध्ये, घरापासून दिसतील इतक्याच अंतरावर, दोघं उभे राहिले.

"तुम्ही इथे कसे?" ती एका दमात म्हणाली.

"भाऊंना विचारलं, तुमच्याकडच्या सृष्टीमॅडमचं लग्न ठरलंय का. ते म्हणाले, कोण सृष्टी? ती भाग्यश्री." त्याने मान खाली घातली. "मी दुकानात खालीच बसलो. ज्या मुलीचा कागद घेऊन आम्ही एवढे दिवस... तुम्ही समोर बसून ऐकत होतात सगळं! मला वाटलं, आता तोंड कसं दाखवू. मग वाटलं, दाखवायचं तर रीतसरच दाखवावं. भाऊंनी बायोडाटा आमच्या अण्णांना पाठवला."

"तो तुम्ही वाचला?"

"वाचला. नाव तेच, तारीख तीच. वेळ दुसरी, गण दुसरा." तो थांबला. "खरा कागद कुठला ते मला लगेच कळलं."

"आणि तुम्ही वडिलांना सांगितलं नाही."

"अण्णांचं ऐकलंत ना आत्ता? त्यांना कळलं तर इथून उठून जातील. आणि मला..." त्याचा आवाज अडखळला. "मला तुम्ही हव्या आहात. म्हटलं, जुळतंय ना, जुळू दे. आपण दोघंच तर आहोत माहीत असणारे. जन्मभर गप्प बसू."

हवं ते समोर येऊन उभं होतं. फक्त एक मान हलवायची, आणि हा मुलगा, ही कललेली मान, हे सगळं तिचं. आणि मान हलवली नाही, तर चपला घालणाऱ्यांत आज तोही असणार. एवढं ठाऊक असूनही तिच्या डोळ्यांपुढे त्या घरातली पुढची वर्षं उभी राहिली. सासऱ्याला साधा खोकला झाला तरी छातीत धस्स होणार. नवऱ्याकडे बघायचं, आणि दोघांनी नजर चुकवायची.

"खेळात भाला खाली ठेवणं सोपं असतं, नाही का?" ती म्हणाली. त्याचा चेहरा पांढरा पडला. ती वळली आणि घराकडे चालू लागली. तो मागून "भाग्यश्री..." म्हणाला. तिचं खरं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच असं निघालं होतं. पण ती थांबली नाही.

खोलीत बोलणी साखरपुड्याच्या तारखेपर्यंत आली होती.

"नाना, मला माफ करा," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "माझी जन्मवेळ रात्रीची नाही. सायंकाळी सहा चाळीस. मी मूळ नक्षत्राची आहे. गण राक्षस. तो कागद मीच टाइप केला होता, खोटा."

सावळीरामनानांच्या हातातला पेढा हातातच राहिला. गोजराबाईंनी तोंडावर पदर धरला. रोहितचे वडील उठून उभे राहिले, आणि त्यांचा पाय सवयीने चपलांकडे वळला.

"फसवणूक," ते कसेबसे म्हणाले. "मूळ? आणि माझ्या घरात? लंका, उठ."

लंकाबाई उठल्या नाहीत.

"उठ म्हणतोय ना!"

"मी बी मुळाचीच हाय," लंकाबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. त्या बारीकशा बाईने पदर सावरायचा सोडला होता, आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"माझ्या बापानं बी टाइम बदलला होता. अठ्ठावीस वर्षं झाली. तुमी पत्रिका बघून हो म्हनलात, ती माझी नव्हतीच."

"म्हणजे... म्हणजे माझे आबा..." रोहितचे वडील अडखळले.

"मामंजी ब्याऐंशी वर्षं जगले. शेवटच्या दिवसापोतर माझ्याच हातची भाकर मागत होते. पन त्यांना कधी ठेच जरी लागली ना, तरी मी देवापुढं जाऊन रडायची. मला वाटायचं, माझ्यामुळंच. कुनाला सांगनार? आईला बी नाय सांगितलं." त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी भाग्यश्रीकडे पाहिलं. "या पोरीनं पाच मिन्टात केलं, ते मला अठ्ठावीस वर्षांत जमलं नाय हो."

रोहितचे वडील पुन्हा कोचावर बसले. बसले म्हणजे गुडघे वाकले आणि खाली कोच होता, एवढंच. त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं काही हीच मुलगी बघायला ते आज आले होते. मग गंधावरचा घाम पुसत ते पुटपुटले, "मला का नाय सांगितलंस गं?"

"चपला घातल्या असत्या तुमी."

त्यांनी पायांकडे पाहिलं. एक चप्पल पायात होती. ती त्यांनी हळूच काढली आणि पायाने कोचाखाली ढकलली. सावळीरामनाना "माझी चूक झाली, माझी चूक" एवढंच म्हणत राहिले, आणि लंकाबाईंनी हात धरून भाग्यश्रीला आपल्याजवळ बसवून घेतलं.

दारात रोहित उभा होता. धावत आला होता, बाहीला काटे अडकून शर्ट फाटला होता. आईचं सगळं बोलणं त्याने ऐकलं होतं, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"अण्णा, मला पण माहीत होतं," तो म्हणाला. "मी गप्प बसलो. हिला घालवायची भीती वाटली, म्हणून हिलाही गप्प बस म्हणालो. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा... पण बोलायचं होतं ते मी बोलणार आहे." त्याने भाग्यश्रीकडे पाहिलं. ती रागावलेलीच होती, आणि रडत होती, आणि त्याच्यावरची नजर काही तिला काढता येत नव्हती. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. सहा चाळीसच्या भाग्यश्रीवर. दुसऱ्या कुठल्या वेळेची मला चालणार नाही."

मखमलाबादला तोवर कुणी वडीलधाऱ्यांसमोर, पोह्यांच्या ताटल्या मध्ये असताना, असलं काही बोललं नव्हतं. गोजराबाईंच्या हातून पाण्याचा तांब्या सुटला. सावळीरामनानांनी हातातला पेढा नकळत तोंडात टाकला. आणि सकाळपासून धक्क्यांवर धक्के खाऊन दमलेली भाग्यश्री, डोळे पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझंही आहे."